पासपोर्टावरची एक ओळ

भारतीय पासपोर्टचे वेष्टन सर्वसामान्य नागरिकांसाठी एकच, गडद निळे. आत मात्र फरक असतो. दहावी पास नसलेल्या बहुतेकांच्या पासपोर्टावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' अशी एक ओळ छापलेली असते. बोलण्यात तिला ईसीआर म्हणतात. हा माणूस ठरावीक अठरा देशांपैकी एखाद्या देशात नोकरीला निघाला असेल, तर सरकारी अधिकाऱ्याने त्याचे कागद तपासून मंजुरी दिल्याशिवाय त्याला विमानात बसता येत नाही, असा त्या ओळीचा अर्थ. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन हे सहा आखाती देश या यादीत आहेत. शिवाय इराक, लिबिया, येमेन, सिरिया, लेबनॉन, जॉर्डन, सुदान, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड.

अमेरिकेच्या एचवन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेवर मराठीत पुष्कळ लिहिले जाते. सहा आखाती देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात, त्यातले लाखो याच ओळीखालून गेलेले आहेत, आणि त्या वाटेबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. चिपळूण, खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत आखातात कोणी गेलेलेच नाही असे मोहल्ले आणि वाड्या शोधाव्या लागतील. तिथल्या बोलण्यात ईसीआर म्हणजे एक ठप्पा, शक्य तितक्या लवकर पुसून टाकायचा. 'पासपोर्ट क्लीन करून देतो' असे सांगणाऱ्याला त्यासाठी पैसेही दिले जातात. ही समजूत फार महागात पडते. ती ओळ अपमानकारक वाटते हे खरे. पण परक्या देशात निघालेल्या गवंड्याचे नाव, त्याचा मालक आणि त्याचा पगार या तिन्हींची एकत्र नोंद भारत सरकारकडे होते ती त्या ओळीमुळेच.

तिच्यामागचा इतिहास जुना आहे, आणि तो मळ्यांवरच्या मजुरांपासून सुरू होतो. १८३४ साली 'अॅटलस' जहाजातून पहिले करारबद्ध भारतीय मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर उतरले. मजुरांना फसवून नेले जाते अशी ओरड झाल्यावर १८३७ मध्ये कंपनी सरकारने कायदा केला. परदेशी निघालेल्या मजुराने आणि त्याला नेणाऱ्या एजंटाने कराराचा मसुदा घेऊन सरकारी अधिकाऱ्यापुढे हजर व्हायचे, अशी त्यात तरतूद होती. फसवणूक थांबली नाही, म्हणून १८३९ मध्ये ही वाहतूकच बंद केली गेली. १८४२ मध्ये ती मॉरिशससाठी पुन्हा उघडली, आणि परवानगी मिळालेल्या तीन बंदरांत कलकत्ता व मद्रासबरोबर मुंबईही होती. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे, त्याचे पूर्वज याच मुंबई बंदरातून गेले. अधिकाऱ्यापुढे करार दाखवण्याची ही पद्धत पुढे इतकी रुजली, की आजही मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', म्हणजे स्थलांतरितांचा संरक्षक, असेच आहे.

करारबद्ध मजुरीविरुद्ध कायदेमंडळात नेटाने लढले ते गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. १९१२ मध्ये त्यांनी ही पद्धत सगळीकडेच बंद करावी असा ठराव आणला. सरकारी मतांच्या जोरावर तो फेटाळला गेला. गोखले १९१५ मध्ये गेले. भरती थांबली ती त्यानंतर दोन वर्षांनी, १९१७ मध्ये. त्या अनुभवातून १९२२ चा स्थलांतर कायदा आला, आणि स्वतंत्र भारतानेही तो तसाच १९८३ पर्यंत चालवला.

दरम्यान पासपोर्टाचे स्वरूप बदलत होते. १९६७ पर्यंत पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल दिला, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याशिवाय सरकारला ते अडवता येणार नाही. सरकारला घाईने पासपोर्ट कायदा करावा लागला. पुढच्या दहा वर्षांत आखाताचे दार उघडले. १९७३ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले आणि रस्ते, बंदरे, इमारती बांधायला माणसे हवी झाली.

मुंबईला आखात परके नव्हते. तिथला ब्रिटिश कारभार एके काळी मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता. आखातात रुपयाच चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी खास वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत काही अमिरातींत त्या चलनात होत्या. गोव्याचे कारकून इराणमधल्या आबादानच्या तेल कंपनीत त्याहीआधीपासून कामाला होते. त्यामुळे सत्तरच्या दशकात भरतीचा बाजार मुंबईत भरला यात नवल नाही. उत्तर प्रदेश, बिहार, आंध्रातून माणसे मुंबईला येत, लॉजवर महिनोन्‌महिने पडून राहत, ट्रेड टेस्ट देत, आणि कित्येकदा पैसे गमावून परत जात. १९८३ चा स्थलांतर कायदा आला तो या पार्श्वभूमीवर. ३० डिसेंबर १९८३ पासून तो अमलात आहे, आणि आजही तोच कायदा चालतो.

आता ही मंजुरी मिळते कशी, ते पाहू. परदेशी मालकाला आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट प्रणालीवर नोंदणी करावी लागते. तो किती माणसे हवीत याचे डिमांड लेटर आणि भरती करणाऱ्या भारतीय एजंटाच्या नावे मुखत्यारपत्र देतो. एजंटाकडे केंद्र सरकारचा परवाना लागतो. कामगाराची निवड झाली की वैद्यकीय तपासणी होते. तिला जुने लोक अजून 'गामका' म्हणतात, आता त्या व्यवस्थेचे नाव वाफिद आहे. मग व्हिसा येतो, करार होतो, विमा उतरवला जातो, एक दिवसाचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण होते आणि अर्ज प्रोटेक्टरकडे जातो. मुंबईतले हे कार्यालय २०१७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. पासपोर्ट, स्थलांतर आणि परराष्ट्र खात्याची इतर कामे एका छताखाली आणण्याचा देशातला तो पहिला प्रयोग होता.

या साखळीत एजंटाला कामगाराकडून घेता येणारी रक्कम ठरलेली आहे: जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, तेही रीतसर पावती देऊन. प्रत्यक्षात दीड-दोन लाख मागितले जातात. घरातले सोने गहाण पडते आणि पहिले वर्षभर माणूस राबतो ते फक्त ते कर्ज फेडण्यासाठी. पावती नसते, म्हणून तक्रारीला पुरावा नसतो. एजंट ३०,००० च्या वर मागतो तिथेच पहिली धोक्याची खूण आहे, आणि ती गावाकडच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

करारातला पगारही मोकळा सोडलेला नाही. भारत सरकार आखाती देशांसाठी कामानुसार किमान शिफारस वेतन ठरवते आणि त्याहून कमी पगाराच्या कराराला मंजुरी मिळत नाही. हा आकडा किती महत्त्वाचा आहे ते २०२० मध्ये दिसले. कोविडच्या काळात भारतीयांच्या नोकऱ्या टिकाव्यात या कारणाने सप्टेंबरमध्ये ही वेतने ३० ते ५० टक्क्यांनी उतरवण्यात आली. जे आधीपासून तिथे होते त्यांच्या पगारावर त्याचे सावट पडले. कामगार संघटनांनी आरडाओरडा केला, तेलंगण उच्च न्यायालयात याचिका गेली, आणि २०२१ च्या जुलैमध्ये सरकारने जुने दर परत आणले. दिल्लीतल्या एका परिपत्रकाने रियाधमधल्या सुताराचा पगार हलतो, इतका हा धागा पक्का आहे.

पण साखळी तुटते, आणि तुटते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: व्हिझिट व्हिसावर. ईसीआर पासपोर्टवाला नोकरीसाठी निघाला तरच मंजुरी लागते. फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला निघाला तर लागत नाही. ही सवलत योग्यच आहे. दुबईतल्या मुलाकडे निघालेल्या आईला कोणी का अडवावे? पण एजंटांनी त्यातून वाट काढली. माणसाला पर्यटक म्हणून पाठवायचे, हातात परतीचे तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग ठेवायचे, आणि 'तिकडे उतरल्यावर व्हिसा बदलून देतात' असे सांगायचे. विमानतळावर प्रश्न विचारले जाऊ नयेत म्हणून काउंटरवरच्या माणसाशी संधान बांधण्याच्या प्रकाराला या धंद्यात 'पुशिंग' म्हणतात. तशी प्रकरणे तपास यंत्रणांनी पकडलेली आहेत.

तिकडे उतरल्यावर कधी व्हिसा बदलून मिळतोही. मात्र ज्या मालकाने त्याला ठेवले, त्याची भारताकडे नोंद नसते, पगार ठरवलेला नसतो, विमा नसतो. 'आझाद व्हिसा' हा दुसरा प्रकार. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर कामगार देशात राहतो तो पुरस्कर्ता, फक्त कागदावर असतो, आणि कामगार बाहेर मिळेल ते काम करून त्याला दरमहा पैसे देतो. आझाद म्हटले तरी हा माणूस सर्वांत बांधलेला असतो. कफीलने पळून गेल्याची तक्रार केली की आकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, निकामी होतो आणि घरी परतायलाही परवानगी लागते. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकतीची अट काढून टाकली, आणि सौदीनेही २०२१ मध्ये कफीलची पकड काहीशी सैल केली. सौदीतल्या घरकाम करणाऱ्यांना आणि घरगुती ड्रायव्हरांना मात्र त्या सुधारणेतून वगळले होते.

नोंद नसण्याची किंमत किती असू शकते, हे मोसुलने दाखवले. २०१४ मध्ये इराकच्या त्या शहरात बांधकामावर असलेले ३९ भारतीय 'इस्लामिक स्टेट'च्या तावडीत सापडले. त्यांचा मृत्यू झाल्याची खात्री मार्च २०१८ मध्ये झाली. अवशेष परत आणणारे तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांनी सांगितले, की हे लोक बेकायदा एजंटांमार्फत गेले होते आणि कोणत्याही दूतावासाकडे त्यांची नोंद नव्हती. चार वर्षे त्यांच्या घरच्यांना आपला माणूस जिवंत आहे की नाही, हेही माहीत नव्हते.

या व्यवस्थेतला खरा दोष वेगळाच आहे. ती माणसे निवडते शिक्षणावरून. दहावी पास झालेला, वयाची ५० वर्षे ओलांडलेला, प्राप्तिकर भरणारा, तीन वर्षे परदेशात राहून आलेला, किंवा सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, जवळ असलेला माणूस या चाळणीतून बाहेर पडतो. त्याला संरक्षणाची गरज नाही असे गृहीत धरले जाते. दाभोळचा एक भाऊ सीडीसी घेऊन जहाजावर गेला तर त्याला कोणी काही विचारत नाही, दुसरा गवंडी म्हणून मस्कतला निघाला तर त्याचा करार तपासला जातो. दहावीचे गुणपत्रक अरबी करार वाचायला शिकवत नाही. अमिरातींमध्ये नोकरीचा प्रस्ताव अकरा भाषांत देण्याची सोय आहे. त्यात हिंदी, मल्याळम, तमिळ, बंगाली आणि उर्दू आहेत, मराठी नाही.

शिकलेल्यांना धोका नसतो हा समज गेल्या काही वर्षांत पुरता खोटा ठरला आहे. डेटा एंट्री, कस्टमर सपोर्ट अशा नोकऱ्यांच्या आशेने पदवीधर मुले बँकॉकला उतरली. तिथून त्यांना सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावड्डीच्या कुंपणबंद वसाहतींत नेण्यात आले आणि ऑनलाइन फसवणूक करायला जुंपण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ जणांना थायलंडमार्गे परत आणले. रशियात 'मदतनीस' म्हणून गेलेल्यांना युद्धभूमीवर पाठवल्याप्रकरणी २०२४ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. म्यानमार आणि रशिया हे दोन्ही देश अठराच्या यादीत नाहीत.

सरकारला हे भगदाड दिसले नव्हते असे नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले, की १ जानेवारी २०१९ पासून ईसीआर नसलेल्यांनीही या अठरा देशांत नोकरीला जाताना प्रवासाच्या किमान २४ तास आधी नोंदणी करावी. लगेच गदारोळ झाला, आणि महिना संपायच्या आत सक्ती स्थगित झाली; नोंदणी ऐच्छिक राहिली. त्याच वर्षीच्या जानेवारीत आणखी एक निर्णय आला होता, तो म्हणजे ईसीआर पासपोर्टांना नारिंगी वेष्टन देण्याचा. कमी शिकलेल्या माणसाची ओळख जगातल्या प्रत्येक काउंटरवर लांबूनच पटावी, असा त्याचा परिणाम झाला असता. केरळमधून तीव्र विरोध झाला आणि ३० जानेवारीला तो मागे घेतला गेला. या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. नारिंगी वेष्टन मागे घेतले हे उत्तम झाले, त्याने कोणाचेही रक्षण होणार नव्हते. पण २४ तासांची नोंदणी वाया गेली, याचे वाईट वाटते. ती सर्वांना सारखी लागू होती आणि संकटात माणूस शोधायला तिचा उपयोग झाला असता.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच घडते. घरकामासाठी या अठरा देशांत जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टधारक स्त्रीचे वय ३० पेक्षा कमी असेल तर मंजुरी मिळत नाही. हेतू रक्षणाचा आहे. पण २५ वर्षांच्या विधवेची गरज नियमाने संपत नाही. ती व्हिझिट व्हिसावर जाते, आणि जिला सर्वांत जास्त आधार हवा तीच सरकारी नोंदीबाहेर राहते. वय पाहण्याऐवजी मालकाचे घर आणि करार तपासला असता तर तिचे अधिक भले झाले असते.

२०१४ मध्ये सुमारे आठ लाख लोकांनी ही मंजुरी घेतली होती. २०२० मध्ये आकडा लाखाच्याही खाली घसरला, आणि २०२३ मध्ये तो चार लाखांच्या आसपास आला. यातले सर्वाधिक आता उत्तर प्रदेश आणि बिहारचे असतात. महाराष्ट्राचा वाटा कामगारांच्या संख्येत लहान असला तरी पैशांत मोठा दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या रकमेपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आली, केरळपेक्षाही थोडी जास्त. आखाताचा एकूण वाटा मात्र घटून सुमारे ३८ टक्के झाला आहे. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर यांसारख्या देशांचा वाढला.

विनापरवाना एजंटांची यादी ई-मायग्रेटवर लावलेली असते आणि त्यात तीन हजारांहून अधिक नावे आहेत. असा एजंट दोषी ठरला तर १९८३ च्या कायद्यानुसार शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड २,००० रुपयांपर्यंत. एका माणसाकडून दोन लाख उकळणाऱ्याला हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. कायदा बदलायला हवा हे सर्वांना मान्य आहे; २०२१ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा आला, २०२५ मध्ये परदेशी रोजगारासाठी आणखी एक मसुदा लोकांपुढे ठेवला गेला. फसवलेल्या कामगाराला स्वतः तक्रार आणि भरपाईचा हक्क किती सोपा मिळतो, यावर नव्या कायद्याची परीक्षा होईल.

तोवर जे हाती आहे ते वापरायला हवे. एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर पाहायला दोन मिनिटे लागतात. आणि एका कागदाबद्दल तर आवर्जून सांगायला हवे, तो म्हणजे प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी. मंजुरी घेताना ती काढावीच लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये मिळतात, मृतदेह घरी आणण्याचा खर्च मिळतो, आणि नोकरीवरून वाद झाल्यास कायदेशीर खर्चासाठी ४५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ही पॉलिसी कामगाराच्या बॅगेत पासपोर्टाबरोबर जाते आणि बायकोला, आईला तिचा पत्ताच नसतो. निघण्यापूर्वी पॉलिसी, करार आणि पासपोर्टाचे पहिले पान यांच्या प्रती घरी ठेवून जाव्यात, आणि त्या कुठे ठेवल्या आहेत ते घरातल्या निदान दोघांना माहीत असावे.